‘सुंदर वृक्षा’ची सावली : धर्मपाल यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

गेल्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनानिमित्त आमचा मुक्काम तीन दिवस गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे होता. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना हे गाव ठाऊक असलेच तर ते तेथील विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे त्याच धावपट्टीच्या आश्रयाने वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली. शिकाऊ विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात आणि खाली बायाबापे गुडघाभर चिखलात रोवणी करीत असतात. रोवणीचेच दिवस असल्याने वाचन रात्री, जेवणे आटोपल्यावर होई. दुसऱ्या रात्री वाचन संपल्यावर याच परिसरातील एका शाळेत शिकविणारा, आपल्याच समाजातील एक तरुण शिक्षक झेरॉक्स केलेली काही पाने घेऊन आमच्याकडे आला.

“जय भीम सर,” तो म्हणाला, “आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले की इंग्रज येण्यापूर्वी आपल्या देशात गावोगावी शाळा होत्या, त्यांत शूद्रांची मुले सर्वांत अधिक होती आणि इंग्रजांनी हे सारे मोडून टाकले. पुरावा म्हणून ही पाने दिली. हे खरे असेल, तर जोतीराव फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला जे सांगितले त्याचे काय?”

प्रश्न भाबडा नव्हता. ‘भारतीय ज्ञान परंपरा’ हा शब्दप्रयोग २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर शाळेच्या पायरीपर्यंत येऊन पोहोचला आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ जी पाने हाती ठेवली जातात ती बहुधा एकाच ग्रंथाची असतात. हा ग्रंथ म्हणजे दिवंगत गांधीवादी अभ्यासक धर्मपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द ब्यूटिफुल ट्री’, अर्थात ‘सुंदर वृक्ष’. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी त्याचे नाव ऐकले असेल. मूळ ग्रंथ वाचणारे थोडे. त्याची स्तुती करणाऱ्यांतही तो पूर्ण वाचलेले थोडेच असावेत, अशी आम्हाला शंका आहे. म्हणून त्या शिक्षकाला रात्री जे तुटक सांगितले ते येथे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम ग्रंथाचे श्रेय ग्रंथाला दिले पाहिजे. धर्मपालांनी कल्पनेने काही रचलेले नाही. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना आपापल्या जिल्ह्यातील देशी शाळांची माहिती पाठविण्यास फर्माविले. ही माहिती एकत्र करून १८२६ मध्ये मन्रोंनी जे टिपण लिहिले त्यात इलाख्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असल्याची नोंद आहे. घरी शिकणारी मुले धरली तर शिक्षण मिळणाऱ्या मुलग्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शापेक्षा तिसऱ्या हिश्शाच्या जवळ जाईल, असा मन्रोंचा अंदाज होता. तमिळ जिल्ह्यांत शूद्र म्हणून नोंदलेल्या मुलांची संख्या ब्राह्मण मुलांहून कितीतरी अधिक होती. बंगालमध्ये विल्यम ॲडम यांनी १८३५ ते १८३८ या काळात जी पाहणी केली तीत बर्दवानच्या पाठशाळांत डोम आणि चांडाल मुलेही आढळली. देशी शिक्षण म्हणजे केवळ वेदपाठशाळा, ही समजूत या कागदांमुळे टिकत नाही. हे मान्य करण्यात आंबेडकरी वाचकाने संकोच करण्याचे कारण नाही. पुराव्याला भिणे हा आपला धर्म नव्हे.

ग्रंथाचे नाव कोठून आले हेही सांगितले पाहिजे. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये चॅटम हाउस येथे बोलताना गांधीजींनी देशी शिक्षणाला सुंदर वृक्षाची उपमा दिली आणि इंग्रजांनी त्याची मुळे उकरली म्हणून तो वाळला, अशा आशयाचे विधान केले. सर फिलिप हार्टोग यांनी त्याला पुरावा मागितला आणि त्यातून दीर्घ पत्रव्यवहार झाला. धर्मपालांचा ग्रंथ हे एका अर्थी त्या पत्रव्यवहाराला अर्ध्या शतकानंतर दिलेले उत्तर आहे. ज्या दिवसांत गांधीजी हे बोलत होते त्याच दिवसांत दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरही लंडनमध्येच होते. त्या वृक्षाखाली कोणाला बसू दिले जात होते याची माहिती असलेला माणूस त्याच शहरात होता. हार्टोग यांनी पुरावा मागितला तो साक्षरता घटल्याचा. हा दुसरा प्रश्न त्या वादात कोणी विचारलाच नाही.

आता ग्रंथाच्या मर्मस्थानी येऊ. मद्रासच्या जिल्हाधिकाऱ्यांना जो तक्ता भरावयास दिला होता त्यात ब्राह्मण, वैश्य, शूद्र, ‘इतर सर्व जाती’ आणि मुसलमान असे रकाने होते. अस्पृश्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. ‘इतर सर्व जाती’ यात कोण कोण होते हे तक्ता सांगत नाही. आज अनुसूचित जाती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजांचा त्यात कदाचित समावेश असावा, असे मत धर्मपाल प्रास्ताविकात नोंदवितात. ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी प्रामाणिकपणे वापरला आहे. परंतु ग्रंथाचा पुढील चाळीस वर्षांचा प्रवास पाहिला तर त्यातून हा एकच शब्द गळून पडलेला दिसतो. अभ्यासकाचा तर्क व्याख्यात्याचा सिद्धान्त झाला, आणि व्याख्यात्याचा सिद्धान्त त्या शिक्षकाच्या झेरॉक्सवर ‘पुरावा’ होऊन आला. शूद्र आणि अतिशूद्र हा फुल्यांनी केलेला भेद या प्रवासात पुसला गेला, आणि शूद्रांची आकडेवारी अस्पृश्यांच्या वतीने साक्ष देऊ लागली. मुलींबद्दल तर ‘कदाचित’ म्हणण्याचीही सोय नाही : १,८८,६५० विद्यार्थ्यांत मुली होत्या ४,५४०.

शिवाय, मद्रास आणि बंगालची कागदपत्रे मुंबई इलाख्याला लावता येत नाहीत. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, ते धर्मपालांच्या ग्रंथासोबत ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. त्यात इंग्रजांची भलावण नाही. उलट इंग्रजी राजवटीच्या पहिल्या कित्येक दशकांत अस्पृश्यांना सरकारी शिक्षणाचे दार बंदच होते, हे बाबासाहेब सरकारी दप्तरातूनच दाखवून देतात. खालच्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी ठरतात हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना दिसले होते, तरीही शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर वरचे वर्ग त्याकडे फिरकणार नाहीत, म्हणून त्यांना उत्तेजन देताना जपून राहावे असे त्यांनी लिहिले. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. अन्याय झाल्याचे सरकारने मान्य केले आणि हस्तक्षेप करण्यास नकार दिला. म्हणजे ज्या राजवटीने देशी वृक्ष तोडला असे सांगितले जाते, तिने त्या वृक्षाखालची एक रीत मात्र काळजीपूर्वक जतन केली. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे गाऱ्हाणे मांडले तेही याच राजवटीविरुद्ध होते. तेव्हा त्या तरुण शिक्षकाला आमचे पहिले उत्तर हे की, धर्मपालांचे कागद खरे असले तरी फुले-आंबेडकरांचे एकही विधान त्यामुळे खोटे ठरत नाही. दोघे निरनिराळ्या प्रदेशांविषयी आणि निरनिराळ्या रकान्यांतील माणसांविषयी बोलत आहेत.

परंतु आमची मुख्य तक्रार संख्येची नाही. शाळा किती होत्या या वादात त्या शाळांत शिकविले कसे जाई, हा प्रश्न मागे पडतो. आणि ‘देशी अध्यापनपद्धती’ म्हणून जिचा आज गौरव होतो तिचा विचार करावयाचा तर हाच प्रश्न पहिला आहे. याचे उत्तर धर्मपालांच्याच ग्रंथात छापलेले आहे. बेल्लारीचे जिल्हाधिकारी कॅम्बेल यांनी १८२३ मध्ये पाठविलेला अहवाल या सर्व कागदांत सर्वांत सजीव आहे. मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवीत. मोठी मुले लहानांना शिकवीत. ही रीत खरोखर चांगली होती आणि मद्रासहून ती इंग्लंडातही गेली. पण सकाळी शाळेत प्रथम येणाऱ्याच्या तळहातावर मानचिन्ह म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, आणि तिसऱ्यापासून छड्या सुरू होत व क्रमाने वाढत जात. आळशी मुलाला फटके मारीत, दोन्ही हात बांधून आढ्याला टांगीत, किंवा सतत उठाबशा काढावयास लावीत. आणि जी पद्ये पाठ करून घेत त्यांची भाषा मुलांच्या बोलीहून इतकी वेगळी असे की मुले ती पोपटासारखी म्हणत. अर्थ कळत नसे. त्याच कॅम्बेलने शाळांच्या ऱ्हासाचे कारण कंपनी सरकारच्या अमलात आलेले दारिद्र्य हे दिले आहे, म्हणून त्याचा अहवाल मोठ्या अभिमानाने उद्धृत होतो. टांगलेला मुलगा आणि पोपटपंची यांची पाने मात्र झेरॉक्समध्ये नसतात. आम्ही त्या शिक्षकाची पाने उलटून पाहिली, नव्हतीच.

येथे पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक कथा आठवल्याशिवाय राहत नाही. प्राचीन भारतीय शिक्षणाचे वैभव सांगताना तक्षशिलेचे नाव अग्रभागी असते. नव्या शिक्षण धोरणाच्या आरंभीही ते आहे. पण तक्षशिलेतील गुरु-शिष्यांच्या जीवनाविषयी जे आपणास ज्ञात आहे त्याचा फार मोठा भाग जातकांतून आलेला आहे, आणि त्याच जातकांत ‘चित्तसम्भूत’ नावाचे जातक आहे. उज्जैनीचे दोन चांडाल बंधू, चित्त आणि सम्भूत. त्यांचे नुसते दर्शन अमंगल मानून लोकांनी त्यांना मारले, तेव्हा जात लपवून ब्राह्मणवेशाने ते तक्षशिलेला गेले आणि विद्येत पुढे आले. एकदा विद्यार्थ्यांना भोजनाचे आमंत्रण होते. ऊन पायस तोंडात घालताच एकाचे तोंड पोळले आणि वेदनेच्या भरात दोघांच्या तोंडून चांडालबोली निघाली. सहाध्यायांनी ती ओळखली, मारहाण केली आणि हाकलून दिले. जातककथा म्हणजे जनगणना नव्हे, हे आम्हास कळते. परंतु तक्षशिलेचे वैभव सांगताना जातके प्रमाण आणि तिची शिस्त सांगताना ती केवळ कथा, असे दोन्हीकडून चालणार नाही.

कथेतील सूक्ष्म गोष्ट अशी की त्या बंधूंना विद्येने दगा दिला नाही, वर्णाने किंवा रूपानेही नाही. दगा दिला तो घरच्या बोलीने. तोंड पोळते तेव्हा माणूस शिकलेली भाषा बोलत नाही.

ही गोष्ट सांगत असता तो शिक्षक गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “सर, माझ्या वर्गात पहिलीतला पोरगा म्हणतो, ‘मी सारेत सिकतो.’ मी दिवसातून दहा वेळा त्याला ‘शाळेत शिकतो’ म्हणावयास लावतो. आता तो माझ्यापुढे बोलतच नाही.” झाडीबोलीत श, ण, ळ हे वर्ण नाहीत, हे या भागातील वाचकांना सांगणे नको. पण त्या शिक्षकाला हे कोणी सांगितले नव्हते की पालीतही श आणि ष नाहीत. संस्कृत ‘शिक्षा’ पालीत ‘सिक्खा’ होते आणि ‘शाला’ ‘साला’ होते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आपण चुकीचे ठरवितो, तर संस्कृत आणि पाली दोन्हींत तो शब्द ‘पानीय’ असा दन्त्य नकारानेच आहे. ज्या वर्णव्यवस्थेला (येथे अक्षरांचे वर्ण अभिप्रेत आहेत, पण श्लेष आमच्या हातचा नाही) आपण त्रिपिटकाच्या पोथीपुढे हात जोडतो, तीच पहिलीच्या मुलाच्या तोंडी आली की अशुद्ध ठरते.

भगवान बुद्धांसमोर हा प्रश्न प्रत्यक्ष आला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळ-केकुट या ब्राह्मण कुळातून आलेल्या, मधुर वाणीच्या दोघा भिक्षूंची हकीकत आहे. नाना कुळांतून आणि जातींतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदसात घालावे, अशी त्यांची सूचना होती. भगवंतांनी ती फेटाळली, त्यांना दोष दिला, आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या बोलीत बुद्धवचन शिकण्यास अनुज्ञा दिली. ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या, याविषयी मतभेद आहे. आचार्य बुद्धघोष बुद्धांची स्वतःची मागधी असा अर्थ करतात. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकजण शिकणाऱ्याची बोली असा. केवळ व्याकरणाने हा वाद मिटणारा नाही. परंतु प्रसंग पाहिला तर तक्रार शिकणाऱ्यांच्या बोलींविरुद्ध होती आणि ती अमान्य झाली. म्हणून आम्ही दुसऱ्या मताचे आहोत. मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्त आमच्या मताला बळ देते. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाती, पत्त, सराव, पोण असे निरनिराळे शब्द आहेत. आपल्या जनपदाचा शब्द तेवढाच खरा आणि इतरांचा खोटा असा हट्ट धरू नये, असे तेथे भिक्षूंना सांगितले आहे. अध्यापनाविषयी इतके व्यवहारी वचन आमच्या पाहण्यात फार नाही. कालाम सुत्त आपल्या प्रत्येक वक्त्याला पाठ असते. हे सुत्त मात्र क्वचितच कोणी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी विहारात जमलेल्या मुलांना आम्ही एक रिकामी वाटी दाखवून याला घरी काय म्हणता, असे विचारले. वाटी, कटोरी, बटकी अशी तीन उत्तरे लगेच आली. पोवारी, झाडी, हिंदी, छत्तीसगढी अशा बोली या एका परिसरात नांदतात. सालेकसा-देवरीकडे गेलो तर गोंडी ऐकू येईल. ‘बोडी’, ‘बांधी’, ‘धुरा’ या शब्दांमागे पाणी अडविण्याचे जे शास्त्र आहे ते या मुलांना चालता-बोलता येते. अस्सल देशी ज्ञान म्हणावे तर ते हे. त्याची परीक्षा मात्र कोठे होत नाही.

आणि खरोखर देशी पद्धतीची शाळा कोणी काढली तर काय होते? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ ही शाळा सुरू केली. माध्यम गोंडी. संविधानाच्या ३५०(क) या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगितले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषा हेच माध्यम म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांवर होती. तरी २०२२ मध्ये या शाळेला, शासकीय मान्यता नाही म्हणून, ती बंद करण्याची नोटीस आली, तीही त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या आधारे. आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. गोटुलाविषयी बाहेरच्यांनी जे चवीने लिहिले आहे त्याच्याशी या शाळेचा संबंध नाही. येथे प्रश्न आहे तो आपल्या मुलांना आपल्या बोलीत अक्षरओळख करून देण्याचा. ज्यांच्या व्याख्यानांत ‘सुंदर वृक्षा’चे नाव वारंवार येते त्यांच्यापैकी कोणी मोहगावसाठी उभे राहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा जो मसुदा आला, त्यात मनुस्मृतीतील श्लोक उद्धृत होता आणि मनाचे श्लोक व गीता यांचे पाठांतर सुचविले होते. गदारोळ झाल्यावर मनुस्मृतीचा समावेश होणार नाही, असे शासनाला जाहीर करावे लागले. देशी म्हणून काय निवडले जाते आणि काय नोटीस देऊन बंद केले जाते, हे या दोन घटनांत दिसते.

इतके लिहून दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबणे सोयीचे झाले असते. पण बिरसीलाच तिसऱ्या सकाळी मुलांनी त्रिसरण-पंचशील खणखणीत म्हटले आणि आम्ही सहज विचारले, ‘वेरमणी’ म्हणजे काय? एकालाही सांगता आले नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या कितीतरी विहारांतील रविवारचे वर्ग कॅम्बेलच्या बेल्लारीहून फारसे वेगळे नाहीत. छडी नाही एवढेच. चूळपन्थकाची कथा आपण सांगतो ती चमत्कारासाठी. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा त्याच्या ज्येष्ठ बंधूने, महापन्थकानेच, त्याला विहारातून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला गाथा पुन्हा घोकावयास लावली नाही. स्वच्छ वस्त्राचा तुकडा हाती देऊन, सूर्याकडे तोंड करून तो चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्याला अनित्यता कळली. विद्यार्थी बदलला नाही, पाठ बदलला. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंदपञ्हात नागसेन राजाशी बोलण्यापूर्वी अट घालतात की वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडितांच्या वादात खंडन झाले तरी कोणी रागावत नाही. आपल्या वर्गांत मुलांनी आपले खंडन केल्याचे आम्हाला तरी आठवत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री तो शिक्षक पुन्हा आला. या वेळी झेरॉक्स नव्हती. शाळेची एक वही होती. वर्गातील मुलांच्या तोंडचे, पाठ्यपुस्तकात नसलेले शब्द त्याने दोन पाने भरून लिहून आणले होते. यांतले चूक कोणते धरू, असे त्याने विचारले. आम्ही ती यादी उतरून घेतली. तिच्यातील काही शब्दांचा अर्थ आम्हालाच त्याला विचारावा लागला.